उघडा रांजण

सलोनिका, ३ मार्च १९९८

...आणि वर दगड ठेवला की झालं, असं तुम्ही बसवाल्या गुरामला म्हणालात म्हणे. काय झालं, बाबा? काय झालं? जमिनीत पुरलेल्या चारशे लिटरच्या रांजणातून एक सुरई काढायची, बाकीची वाइन तशीच सोडायची, वर नुसता दगड, ना माती थापायची ना कड लिंपायची, आणि म्हणायचं झालं! हेच शेजारच्या शाल्वाकाकांनी केलं असतं तर तुम्ही कुंपणाशी उभं राहून अख्ख्या आळीला ऐकवलं असतं.

तुम्ही फोनवर येत नाही. गावच्या पोस्टात फोन केला की तुमची लेक लामारा येते आणि म्हणते, बाबा मळ्यात गेलेत. फेब्रुवारीत, गुडघाभर चिखलात, अंधार पडायला आला असताना बाबा मळ्यात! म्हणून लिहितोय. शाळेच्या बाकावर मी किती दिवस बसलो ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा चुका काढत बसू नका. लामारा वाचून दाखवेल. लामारा, काही गाळू नकोस. शिव्यासुद्धा वाच.

तो रांजण कशासाठी आहे ते तरी आठवतंय का? सोळा मेला आईला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी दीडशे माणूस आपल्या अंगणात जेवायला बसणार आणि त्यांच्या पेल्यात आपल्या घरची वाइन पडणार. वर्षाच्या जेवणाला विकतची वाइन आणायची वेळ आपल्या गावात आजवर एकाच घरावर आली, आणि त्या घराला अजून लोक विकतवाले म्हणतात. त्यांची नातवंडं शाळेत जातात, त्यांनाही विकतवालेच म्हणतात.

ती वाइन मी केली. लामारानं द्राक्षं तोडली, बाकी सगळं मी. मी तुडवली, मी दिवसातून चार वेळा ढवळली, हात खांद्यापर्यंत जांभळे झाले होते. तुम्ही अक्रोडाखाली पाठ करून बसला होतात. नोव्हेंबरात मी रांजणावर दगड बसवला, कडेनं ओली माती थापली, तेव्हा तुम्ही उठून आलात, एके ठिकाणी अंगठ्यानं माती दाबलीत आणि परत जाऊन बसलात. एक शब्द नाही. दुसऱ्या आठवड्यात मी इकडे निघून आलो.

मग आता असा कोण पाहुणा लागून गेला की त्याच्यासाठी मोठा रांजण उघडावा? माळ्यावर परवाच्या सालातली बुधल्यात भरून ठेवलेली होती ना? ती त्याच्या नरड्याखाली उतरली नसती का? गुरामला विचारलं तर तो म्हणतो, "मला तुमच्या घरात ओढू नकोस. मी बस चालवतो, मी पाद्री नाही." एरवी तोंड बंद ठेवायला त्याला पैसे द्यावे लागतात, आणि आत्ताच नेमका मुका झाला.

मी चौदा फेब्रुवारीला येतो म्हणून कळवलं होतं, ते जमलं नाही. कागद अडकले. तो विषय वेगळा आहे, त्यात शिरू नका.

आता ऐका. माळ्यावर वीस लिटरचे सहा रिकामे बुधलेही आहेत. शाल्वाकाकांकडे शंभराचा छोटा रांजण रिकामा पडलाय, तो मागा. मागितल्यानं जीभ झडत नाही. आजच्या आज उपसा.

बाद्री


सलोनिका, १८ मार्च १९९८

तुमचं उत्तर मिळालं. लामाराचं अक्षर, तुमचे शब्द. "रांजण माझा, दगड माझा. तू तुझं बघ."

वा. एक वर्ष व्हायला आलं, तुम्ही माझ्याशी पहिल्यांदा बोललात, आणि काय बोललात तर हे.

मी माझंच बघतोय. बांधकाम सोडलं, तिथला मुकादम हात उचलायचा. त्याआधी संत्री तोडत होतो, तेही सोडलं. आता थानासिस नावाच्या माणसाच्या खाणावळीत आहे. मासे साफ करतो, भांडी घासतो, खुर्च्या लावतो. आणि तुम्हाला सांगतो, या माणसानं पहिल्या आठवड्यात माझं डोकं फिरवलं. गिऱ्हाईक अर्धी बाटली सोडून उठलं की हा त्यात बूच कोंबतो, चुलीशेजारच्या फळीवर ठेवतो आणि तीन दिवसांनी तीच दुसऱ्याला ओततो. मी म्हटलं, मालक, ही गेली. तर म्हणतो, "बूच लावलंय की! कुठून जाईल?"

मी म्हटलं, बाहेरून काही यायला नको, मालक. अर्धी बाटली रिकामी झाली तिथं हवा बसलीय. तुम्ही चोराला घरात घेऊन कडी लावलीत.

हसला. मग मी त्याला दाखवलं. लिंबू सरबताच्या छोट्या बाटल्या असतात, त्या उकळत्या पाण्यानं धुतल्या, उरलेली वाइन धार न उडवता काठाकाठानं ओतली, अगदी गळ्यापर्यंत, बूच बसताना थेंबभर बाहेर यावी इतकी. थंड कपाटात ठेवल्या. चार दिवसांनी त्याला दोन पेले दिले, एक त्याच्या फळीवरचा, एक माझा. पहिला घोट त्यानं मोरीत थुंकला. दुसरा प्यायला आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला हाक मारली. ती म्हणाली, "माझा बाप बुधल्यात वरून बोटभर तेल सोडायचा, तुला शंभरदा सांगितलं, तू ऐकलंस का?" मग मला विचारते, "पोरा, कुणी शिकवलं?"

मी काय सांगितलं असेल? सांगितलं, माझ्या बापानं. सात वर्षांचा होतो, रांजणघरात उभं केलं आणि म्हणाला, पोरा, रांजण उघडलास तर रिकामा करूनच बाहेर यायचं. आज प्यायची तेवढी प्यायची, उरेल ती लहान भांड्यात, त्यातून उरेल ती त्याहून लहान भांड्यात. भांडं अर्धं राहिलं तर ती रात्र वाइनची नाही, व्हिनेगरची.

म्हातारी म्हणाली, "शहाणा माणूस दिसतो."

मला हसूही आलं नाही. इथं परक्या मुलखात परक्या बाईनं माझ्या बापाला शहाणा म्हणायचं, आणि तिकडं तो शहाणा माणूस उघड्या रांजणाशेजारी महिनाभर बसून आहे! का? हट्ट? कुणावर? माझ्यावर रागावला असाल तर मला मारा. वाइननं काय केलंय? आईनं काय केलंय?

लामारा, आता तुला विचारतो. कोण आला होता? शहरातून मळा बघायला माणसं हिंडतायत असं मेराब म्हणत होता. (बाबांना मेराब आठवत नसेल, माझ्या खोलीत राहतो, खालच्या गावचा.) त्यांच्यातला कुणी होता का? बाबा मळा विकतायत का? नाव लिहायची भीती वाटत असेल तर नको लिहूस, नुसती तारीख लिही, कुठल्या दिवशी उघडला. माणूस मी शोधून काढीन. आणि गुरामकडे अर्ध्या लिटरची बाटली भरून पाठव, वरच्या थराखालची, काठोकाठ. बाबा देणार नाहीत. बाबा खरंच मळ्यात जातील तेव्हा भर.

बाद्री


सलोनिका, २ एप्रिल १९९८

बाटली आली. मी आधी बाटली उघडली, चिठ्ठी नंतर वाचली. तेच बरं झालं, नाहीतर तिची चव घ्यायचं धैर्य झालं नसतं.

मेराब आणि मी पलंगावर बसून प्यायलो. रंग तोच, आपला, पेल्याच्या पलीकडचं बोट दिसत नाही असा काळा. पहिल्या घोटाला मेराब म्हणाला, "अरे, मेलेली नाही ही." मी म्हटलं, थांब, गिळ. गिळल्यावर घशाच्या मागं टोचली. त्याचं तोंड वाकडं झालं. म्हणाला, "आजारी आहे. पंधरा दिवस टिकेल, फार तर तीन आठवडे." मी पेला भिंतीवर मारणार होतो, पण पेला मेराबचा होता.

मग चिठ्ठी वाचली. लामारा, तुझी चिठ्ठी दोन ओळींची. पहिली ओळ: "वाइनवर पांढरी साय धरली आहे, दगडाच्या फटीतून नळी सोडताना मी पाहिलं, बाबा काढू देत नाहीत; म्हणतात ज्याच्यासाठी उघडला त्याच्या पेल्यात पडल्याशिवाय रांजण हलवायचा नाही." दुसरी ओळ: "शनिवार, चौदा फेब्रुवारी."

बाबा.

तुम्हाला काय अक्कल आहे का?

दीड महिना! दीड महिना मी त्या पाहुण्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. मेराबनं घातल्या, थानासिसनं घातल्या, त्याच्या म्हातारीनंसुद्धा एक घातली. आणि तुम्ही तिकडं तोंड शिवून बसलात. एका माणसाला सांगता आलं नाही? गुराम महिन्यातून दोनदा दारात येतो, त्याच्या कानात चार शब्द टाकता आले नाहीत? तो दगड हलवायला दोन माणसं लागतात. मी बसवला तेव्हा शाल्वाकाकांचा जावई बोलावला होता. तो तुम्ही या वयात एकट्यानं हलवलात, आणि तोंड उघडता आलं नाही?

बुधल्यातली द्यायची होती मला. मी काय जावई आहे? मी काय बिशप आहे? घरचा पोरगा घरी येतो तेव्हा त्याला कालची भाकरी आणि बुधल्यातली वाइन चालते.

नाही. मला माहीत आहे चालत नाही. दूर गेलेल्या पोराला बुधल्यातली पाजली तर लोक म्हणतात, बापानं उरलंसुरलं वाढलं. मला माहीत आहे. म्हणूनच एवढं डोकं फिरलंय.

कागद अडकले नव्हते. कागद माझ्या खिशात होते. बाराच्या पहाटे मी गुरामच्या बसमध्ये बसलो होतो. लामारासाठी बूट घेतले होते, तुमच्यासाठी कानटोपी. वाटेतल्या कावालापर्यंत आलो. तिथं गुराम कॉफीला उतरला, मी पिशवी घेऊन उतरलो. तो म्हणाला, "मुतायला पिशवी घेऊन जातोस?" मी म्हटलं, मी येत नाही, घरी सांग कागद अडकले. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "कुठं अडकलेत? तुझ्या घशात?"

मी ज्या दिवशी तेलावी शहरात होतो, एक दिवस नाही, जे तीन दिवस तिथं होतो, ते तुम्ही विसरला नाहीत. मीही विसरलो नाही. शाल्वाकाकांचा जावई निरोप घेऊन आला, आईचं काही खरं नाही, चल. मी बिलियर्डच्या टेबलावर होतो, जिंकत होतो. म्हटलं, हा डाव संपवून येतो. एकच डाव म्हणालो होतो. बाबा, खरंच एकच म्हणालो होतो. मी पोचलो तेव्हा तुम्ही कबरीपाशी उभे होतात, हातावर माती होती, आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "संपला का डाव?"

त्यानंतर काही नाही. उन्हाळाभर नाही, द्राक्षं काढताना नाही, निघताना नाही.

कावालाला मला एवढंच दिसत होतं: मी फाटक उघडणार, आणि तुम्ही अक्रोडाखाली पाठ करून बसलेले असणार. त्या पाठीसाठी अडीच दिवस बसमध्ये बसायचं? म्हणून उतरलो. तुम्ही रांजण उघडून बसला असाल हे मला स्वप्नात तरी आलं असतं का? सुरई भरली असेल, मेजावर कापड घातलं असेल, आणि बसमधून फक्त गुराम उतरला असेल, ऑलिव्ह तेलाचा डबा घेऊन! आणि त्यानं तुम्हाला कागदांची गोष्ट सांगितली असेल, आणि तुम्हाला ती खरी वाटली नसेल. कारण ती खरी वाटली असती तर तुम्ही दुसऱ्या दिवशी रांजण उपसला असता. तुम्ही वाट बघत बसलात. वाट बघायची होती तर बघायची, पण आधी वाइन उपसायची.

बास. आता भांडायला वेळ नाही.

तो पाहुणा मी आहे ना? मग पाहुण्याचा हुकूम ऐका. मी प्यायलो. सलोनिकात, मेराबच्या पेल्यात, दोन एप्रिलला संध्याकाळी, तुमच्या रांजणातली वाइन माझ्या पेल्यात पडली आणि मी ती गिळली. तुमची अट पुरी झाली. आता उपसा.

उपसणार नसाल तर लामारा उपसेल. लामारा, बायकांनी रांजणघरात जायचं नाही ही आजोबांची शिस्त होती, आणि आजोबा मेले. रबरी नळी घे. साय फोडायची नाही, कडेला सारून नळीचं तोंड हातभर खाली सोडायचं, बुधल्यात नळी तळापर्यंत जायला हवी, वरून धार पडता कामा नये. आधी गंधकाची कांडी बुधल्यात जाळून धूर कर. प्रत्येक भांडं काठोकाठ. बुधले संपले तर मुरांब्याच्या तीन लिटरच्या बरण्या घे. त्या संपल्या तर शेजारणींच्या घे. वास टोचायला लागला की थांब, टोचणारी वाइन चांगलीत मिसळू नकोस. एक आजारी बरणी बाकीच्यांना धरते.

बाबा दारात आडवे आले तर त्यांना हे पत्र दाखव.

बाद्री


सलोनिका, २७ एप्रिल १९९८

लामारा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं, मेराबनं दोनदा. गुरामनं स्वतःच्या तोंडून पुन्हा सगळं सांगितलं, कारण तो बरण्या धुवायला होता म्हणे, आणि आता तो अशा थाटात बोलतो जणू वाइन त्यानंच वाचवली.

सहा बुधले, त्रेचाळीस बरण्या. शाल्वाकाकांनी छोटा रांजण दिला नाही, त्यात त्यांनी काकडीचं लोणचं घातलंय. काकडी, वाइनच्या रांजणात! बाबा, आता कुंपणाशी उभं राहून बोला हवं तेवढं. पण त्यांच्या बायकोनं एकोणीस बरण्या आणून दिल्या आणि नवऱ्याला सांगितलं नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि लामारा, तू लिहिलंस की बाबा पहिल्या सहा बरण्यांपर्यंत बाहेर बसून होते. सातव्या बरणीला तुझा हात हलला, धार वरून पडली, तेव्हा आत आले आणि ओरडले, "अगं शिंपडतेस काय, कोंबड्यांना पाणी घालतेस का! हवा लागते तिला!" आणि नळी हातात घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. हे वाचून मेराब हसला. मी नाही हसलो. मी मोरीत जाऊन मासे साफ केले.

तर अडीचशे लिटर वाचली. उरलेली दीडशे टोचते. तिचं व्हिनेगर होणार, होऊ दे, लसणीच्या लोणच्याला लागेल. पण दीडशे माणसांना अडीचशे लिटर पुरत नाही. आईच्या नावानं पेला उचलायचा आणि तिसऱ्या फेरीला सुरई रिकामी? नाही. मी जिवंत आहे तोवर नाही.

म्हणून बाबा, आता जे सांगतोय ते शेवटपर्यंत ऐका, मध्ये उठून मळ्यात जाऊ नका.

दीडशे लिटर विकत घ्या. शाल्वाकाकांकडून घ्या, त्यांची वाइन आपल्याखालोखाल चांगली आहे. अंधारात आणू नका, मागच्या दारानं आणू नका. दिवसाढवळ्या, गाडीवर, उघड्यावर, चर्चच्या समोरच्या रस्त्यानं आणा. आणि कुणी विचारलं, कुणी तोंडावर हात ठेवून हसलं, तर सांगा: आमच्या बाद्रीनं नासवली. येतो म्हणाला आणि आला नाही. एवढंच सांगा. पाहुण्याचं नाव नको, तुमच्या हट्टाचं नाव नको. विकतवाले म्हणतील? मला म्हणू देत. माझी नातवंडं ऐकतील. तुम्ही ते नाव आपल्या अंगावर घेतलंत तर मी परत येणार नाही, हे खरं समजा.

मी बारा मेला निघतो, चौदाला येतो. गुराम म्हणतो या वेळी तुझी पिशवी माझ्या सीटखाली आणि तुझे बूटही माझ्या सीटखाली, बघू कसा उतरतोस. पण बाबा, मी अंगणात पाय टाकेपर्यंत काही उघडू नका. बरणीसुद्धा नको. मला पाणी द्या. आणि पाठ करून बसायचं असेल तर बसा, मी समोर येऊन बसेन, अक्रोडाखालचा बाक लांब आहे.

बरण्या उजेडात ठेवू नका. रोज झाकण उघडून वास घ्यायचा नाही, हे लामाराला नाही, तुम्हाला सांगतोय. बंद आहेत त्या बंद राहू द्या.

वाइनचे पैसे गुरामकडे दिलेत, पाकिटात आहेत, पाकीट शिवलेलं आहे. एकशे चाळीस डॉलर.